आधी तू बोल

बिलियर्डच्या टेबलावर ज्यांच्याशी खेळलो ती माणसं मला चेहऱ्याने आठवत नाहीत, वाकण्याने आठवतात. बीदरचे एक देशमुख वकील होते. ते वाकताना आधी कोट सावरायचे, मग पोट, मग काठी. शहाबादच्या कारखान्यातले एक हिशेबनीस इतके खाली जायचे की उठायचे तेव्हा हनुवटीला खडूची निळी लागलेली असायची. आणि चनबसप्पा बिरादार, ज्यांना अख्खी वाडी अण्णा म्हणायची, ते फारसे वाकायचेच नाहीत. इंजिनातून बाहेर डोकं काढणारा माणूस कमरेतून जेवढा कलतो तेवढेच कलायचे. इंजिन चालवण्यातच त्यांचं वय गेलं होतं, त्यामुळे शरीराला तेवढंच वळण माहीत होतं.

वाडी म्हणजे गुलबर्गा जिल्ह्यातलं रेल्वेचं जंक्शन. मी तिथला नव्हे. मी अमळनेरकडचा. सहावीत शाळा सुटली आणि एका नातेवाइकाच्या ओळखीने वाडीच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागलो. भाषा धड कानडी नाही, धड उर्दू नाही आणि मराठी असली तरी आमच्यासारखी नाही. पहिले काही महिने मी कुणी हाक मारली तरी दचकायचो. आपल्याला काढून टाकणार, असंच मनात यायचं. अजूनही दारावर थाप पडली की आधी तेच मनात येतं. आता मुलाकडे गुंटकलला राहतो. इथे मराठी बोलायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसलो. शिक्षण कमी, चुकेल तिथे सांभाळून घ्यावं.

अण्णा भालकीकडचे. घरचं गूळ आणि तुरीचं दुकान, माणसं बसवेश्वराला मानणारी, घरात कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. तराजूपाशी बसायचा कंटाळा येऊन ते निजामाच्या काळातच रेल्वेत घुसले. वडिलांनी पुढे बरीच वर्षं बोलणं टाकलं होतं म्हणे. अण्णा सांगायचे, "आप्पा म्हणायचे, धूर विकायला चाललास का? मी म्हणलो, व्हय, तुमचा गूळ तरी कुटं दिसायलाय, माशाच दिसायल्यात."

मला त्यांनी शोधलं ते असं. शेडच्या मागे मी एकटा भाकरी खात बसलो होतो. ते समोर येऊन उभे राहिले.

"कुटला रे तू?"

"खानदेशातला."

"मग हितं कामून आलास?"

मी म्हणालो, "नोकरी आहे."

"नोकरी तिकडं बी असंल की. बरं, ते कोरडं खाऊ नको. चल."

त्यांच्या क्वार्टरमध्ये अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शेंगाची चटणी आणि गरम भाकरी वाढली. नाव विचारलं होतं, पण अण्णांनी ते कधी वापरलं नाही. त्या दिवसापासून मी 'खानदेशी' झालो. पुढे मला फायरमनच्या, म्हणजे इंजिनाची आग सांभाळणाऱ्याच्या, परीक्षेला त्यांनीच बसवलं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. ते रोज संध्याकाळी एकेक नियम आपल्या मराठीत सांगायचे आणि मी तो पाठ करायचो. पास झालो तेव्हा त्यांनी फोरमनला सांगून मला आपल्याच इंजिनावर मागून घेतलं. माझ्या घरच्या माणसांनी माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. मला ते जन्मभर पुरलं आहे.

बिलियर्डही त्यांचंच. वाडीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये जुनं टेबल होतं. साहेबांच्या वेळी त्याला आमच्यासारख्याने हात लावायची सोय नव्हती. मग ते गोरे आणि अर्धगोरे ड्रायव्हर एकेक करून देश सोडून गेले, आणि टेबल चादर पांघरून पडून राहिलं. आपल्यातले लोक बाजूच्या खोलीत पत्ते कुटायचे. चादर पहिल्यांदा काढली ती अण्णांनी. सोबत होते कादरभाई, तिथले मार्कर. मार्कर म्हणजे डाव चालू असताना गुण मोजणारा आणि खिशात गेलेला गोळा काढून जागेवर ठेवणारा माणूस. कादरभाई साहेबांचे डाव बघून म्हातारे झाले होते. त्यांनी अण्णांना शिकवलं, अण्णांनी आम्हाला.

"गोळ्याला घाई न्हाई," ते म्हणायचे, "तुला हाय." मी काठी पुढे ढकलायच्या आधी दर वेळी हे वाक्य यायचं. तरीही मी घाई करायचो. मग ते म्हणायचे, "आगीत कोळसा टाकल्यागत मारू नको लेका. हितं काय वाफ धरायची न्हाई."

त्या काळात आमच्या भागात वर्षाकाठी तीन-चार स्पर्धा व्हायच्या. एक आमच्या इन्स्टिट्यूटची, एक गुलबर्ग्याच्या क्लबात, एक बीदरला. खेळणारे तेच ते. वकील, डॉक्टर, कचेरीतले साहेब, कारखान्यातले लोक आणि आम्ही रेल्वेवाले. बीदरच्या क्लबात पायात बूट पाहिजेत असा दंडक होता, म्हणून अण्णा एक पांढरा कॅनव्हासचा जोड फक्त बीदरसाठी ठेवायचे. एका वर्षी तिथे त्यांचा डाव सकाळी लवकर लागला. अण्णांच्या गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग असायचं. ते तळहातावर घेऊन, समोर धरून, त्याच्याकडे टक लावून पूजा केल्याशिवाय ते पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. प्रवासात राहून गेली होती, म्हणून ते क्लबाच्या व्हरांड्यातच भस्म लावून बसले. क्लबाचे सेक्रेटरी घड्याळ बघत फेऱ्या मारायला लागले. प्रतिस्पर्धी होते देशमुख वकील. ते खुर्ची ओढून शेजारीच बसले.

पूजा आटोपल्यावर वकील म्हणाले, "बिरादार, देवाला सांगून आमच्यावर पण थोडी मेहेरबानी करा."

"माझ्याकडं एकच हाय साहेब, तळहातावर मावतोय तेवढा," अण्णा करंडा बंद करत म्हणाले. "तुमचा तुम्ही घेऊन यायचा."

वकील खदखदून हसले आणि नंतर हरले. हरल्यावरही अण्णांना घरी जेवायला घेऊन गेले. त्यांचं घर बीदरमध्येच, मैलूर भागात होतं. तेव्हापासून दोघांची दोस्ती झाली. वकील त्यांना 'इंजिन खातं' म्हणायचे. क्लबात नव्या माणसाने "हे कुठल्या खात्यात?" असं विचारलं की वकीलच सांगायचे, "इंजिन खात्यात. आपण सगळे मागच्या डब्यात."

इतकं सगळं चांगलं होतं. नंतर जे झालं ते कधी सुरू झालं हे मला नेमकं सांगता येत नाही. बदल इतका हळू आला की आम्हाला तो बदल वाटलाच नाही, अण्णांची ऐट वाटली.

ते मारायच्या आधी टेबलाभोवती एक पूर्ण फेरी घालायला लागले. प्रत्येक गोळ्यापाशी जाऊन, मान जरा कलती करून, दुसरीकडेच कुठेतरी बघत असल्यासारखे थांबायचे. लोक म्हणायचे, अण्णांची प्रदक्षिणा चाललीय. गोळ्याकडे न बघता मारतात, असंही कुणी कौतुकाने म्हणायचं. तरुण पोरं त्यांची नक्कल करून मान तिरकी धरायची. आणि कादरभाईंना ते सारखं काहीतरी विचारायचे. डाव आपला आहे हे माहीत असूनही, "कादर, काय चाललंय?" आणि कादरभाई सवयीने सांगायचे, "तुमारीच बारी अण्णा, तुमारा दागवाला उदर गद्दी के पास हय." गद्दी म्हणजे टेबलाची कड.

या खेळात टेबलावर गोळे तीनच. एक लाल, तो दोघांचा. दोन पांढरे, एकेकाचा एकेक. पांढरे दिसायला अगदी सारखे, फक्त एकावर मिरीएवढा काळा ठिपका असतो. आम्ही त्याला दागी म्हणायचो, दुसऱ्याला सादा. डावाच्या सुरुवातीला ज्याला जो मिळाला त्याने शेवटपर्यंत त्यालाच काठी लावायची. चुकून दुसऱ्याच्या गोळ्याला लावली की फाउल, बारी गेली. नवशिक्याच्या हातून हे पहिल्या आठवड्यात होतं, पुढे होत नाही.

त्या वर्षी वाडीच्या स्पर्धेत मी कसा कोण जाणे शेवटच्या डावापर्यंत पोचलो. समोर अण्णा. हॉल भरला होता. देशमुख वकील मुद्दाम बीदरहून आले होते. कादरभाई त्या दिवशी तापाने घरी होते, म्हणून गुण सांगायला स्टेशनातले एक तिकीट बाबू उभे केले होते. ते नुसते आकडे सांगायचे, बाकी अक्षर बोलायचे नाहीत. अण्णांकडे दागी होता, माझ्याकडे सादा.

अण्णा पुढे होते. त्यांची बारी आली. त्यांनी फेरी घातली, खडू लावला, मान कलती केली आणि मारलं. सुंदर मार होता. गोळा लालला लागून कोपऱ्याच्या खिशात गेला. टाळ्या पडल्या. तिकीट बाबू तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "फाउल. गोळा यांचा होता."

हॉल हसला. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, पोराला जिंकवायचंय तर सरळ सांगा की." अण्णाही हसले. म्हणाले, "मारताना बोललाच न्हाई तो, की मी खानदेशीचा म्हणून." पुन्हा हशा झाला. मी समोरच उभा होतो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि तो हसत नव्हता. फक्त तोंड हसत होतं.

तेवढ्यात मला एकदम इंजिन आठवलं.

आमच्याकडे नियम असा की सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि फायरमन दोघांनी तो मोठ्याने एकमेकांना सांगायचा. सिग्नलचा हात खाली झुकला असेल तर 'पडला', म्हणजे वाट मोकळी. आडवा असेल तर 'उभा', म्हणजे थांबायचं. ज्याला आधी दिसेल त्याने आधी सांगायचं आणि दुसऱ्याने स्वतः बघून मग दुजोरा द्यायचा. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून हे. पण आमच्या इंजिनावर नेहमी मीच आधी सांगायचो. मी त्यांच्या हाताखाली नवा आलो तेव्हा त्यांनीच ठरवून दिलं होतं. "आधी तू बोल," ते म्हणाले होते, "शिकणारानं आधी बोलायचं. मी आधी बोललो तर तू बगणारच न्हाईस, माझ्यावर टाकून मोकळा होशील." मी सांगायचो, "पडला," मग ते म्हणायचे, "पडला." मला वाटायचं, केवढा हा माणूस, अजून मला शिकवतोय. शिकण्याचे दिवस संपून कितीतरी काळ लोटला होता, तरी ते चालूच होतं, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

तो डाव मी जिंकलो. कप मिळाला. बक्षीस देताना कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे सोलापूरकडे जाणारी पॅसेंजर होती. मागे डबे भरून माणसं. फोरमनकडे जाऊन सांगावं तर ज्यांनी मला भाकरी दिली त्यांची भाकरी मीच काढून घेणार. न सांगावं तर ती माणसं. अण्णांना तोंडावर विचारायची माझी छाती नव्हती. आणि मला जे वाटतंय ते खरंच आहे की मी नेहमीसारखा उगाच घाबरलोय, हेही कळत नव्हतं. घाबरण्यात माझा हात कुणी धरला नसता.

दुपारी निघालो. ऊन रखरखत होतं. दुसरा फायरमन मागे टेंडरात कोळसा पुढे ओढत होता. सुरुवातीच्या एका सिग्नलला मी जरा उशिरा बोललो. अण्णा वाट बघत राहिले. मग पुढच्याला आणखी जरा उशीर केला. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं, मान कलती होती, आणि ओठ किंचित उघडे, माझ्या शब्दासाठी. ते बघून मला खात्री पटली.

मग एका लहानशा स्टेशनच्या अलीकडे सरळ रस्ता आला. आउटर सिग्नल लांबून दिसत होता, स्वच्छ. तो पडलेला होता. वाट मोकळी होती, धोका काही नव्हता. ते नीट बघून घेतलं आणि मी बोललो नाही.

सिग्नल जवळ येत गेला.

"काय म्हणतोय?" अण्णा म्हणाले.

मी गप्प.

"खानदेशी, काय म्हणतोय रे?"

मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी एकदा सरळ बघितलं, एकदा मान डावीकडे करून, एकदा उजवीकडे. मग वळून माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा त्यांना किती दिसला असेल ते देव जाणे, पण मी का गप्प आहे हे त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. अंदाजाने 'पडला' त्यांना म्हणता आलं असतं, आणि ते बरोबरही निघालं असतं. त्यांनी वाफ बंद केली आणि ब्रेक लावला. गाडी कुरकुरत, धक्के खात, पडलेल्या सिग्नलच्या अलीकडे उघड्या माळावर उभी राहिली.

मागून गार्ड झेंडी घेऊन पळत आले. जुने, अण्णांच्या बरोबरीचे. "काय झालं? सिग्नल तर पडलाय."

"पडलाय का?" अण्णा म्हणाले. "मला दिसला न्हाई."

गार्ड हसले. त्यांना थट्टा वाटली. मग त्यांनी अण्णांकडे नीट बघितलं आणि हसू गेलं. ते माझ्याकडे वळले, मी खाली बघितलं. ते जवळ येऊन हळू म्हणाले, "मी असं करतो, वाफ कमी पडली म्हणून थांबली असं लिहितो. कोण विचारतंय."

"वाफ कमी पडली म्हंजे ह्याची आग खराब," अण्णा म्हणाले. "ह्याची आग चांगली हाय. असं लिहू नका."

"मग काय लिहू?"

"झालं तेच लिहा. ड्रायव्हरला सिग्नल दिसला न्हाई."

डब्यांमधून माणसं डोकावत होती, कुणी खाली उतरून विडी पेटवली होती. शेवटी गार्डनी तसंच लिहून घेतलं आणि ते मागे गेले. अण्णांनी मला सांगितलं, "आता बोल, आन जोरात बोल." माझ्या हाकेवर त्यांनी गाडी माणसाच्या चालीने स्टेशनात नेली. प्लॅटफॉर्मला लावली, हात पुसले, जेवणाचा डबा उचलला आणि उतरले. तिथे मालगाडीवर एक ड्रायव्हर होता, त्याने आमची गाडी पुढे नेली. मी त्या गाडीबरोबर गेलो. अण्णा बाकावर बसलेले मागे राहिले.

डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या मधोमध जे बघायचं असतं तेच गेलं होतं, कडा शाबूत होत्या. म्हणून चालता यायचं, माणूस ओळखता यायचा, पण ज्याच्यावर नजर रोखावी तेच पुसलं जायचं. मागची तपासणी झाली तेव्हा डोळे ठीक होते. बिघडले ते त्यानंतर. इलाज नव्हता. त्यांना इंजिनावरून काढून रनिंग रूमवर नेमलं. बाहेरगावचे ड्रायव्हर-फायरमन विसावा घेतात ती जागा. खाटा, चादरी, पाण्याचे माठ, स्वयंपाक्यावर लक्ष, एवढं काम.

शेडमध्ये दुसऱ्या फायरमनने सगळं सांगितलं होतं. मी मुद्दाम गप्प राहिलो हेही. माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी इन्स्टिट्यूटमध्ये गेलो की टेबलावरचा डाव संपायचा आणि लोक पत्त्यांच्या खोलीत जायचे. एकदा पाठीमागून ऐकू आलं, "अण्णाच्या घरचं खाल्लं आन अण्णालाच खाली उतरवलं." मी एकट्याने काठी घेऊन गोळे फिरवत बसायचो. कादरभाई कोपऱ्यातल्या स्टुलावर. तेही बोलायचे नाहीत, पण उठूनही जायचे नाहीत. मला बदली मागावीशी वाटायची, आणि परत कुठल्या नव्या गावात जायचीही भीती वाटायची.

शेवटी एका सकाळी मी रनिंग रूमवर गेलो. अण्णा अंगणात चादरी वाळत घालत होते. मी त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो. माफी मागावी म्हणून गेलो होतो, पण माफी मागितली तर केलं ते चूक होतं असं म्हणावं लागलं असतं, आणि तसं मला म्हणता येईना. मग जे खरंच मनात डाचत होतं तेच तोंडातून आलं.

"अण्णा, तुम्ही मला शिकवत होता, की माझे डोळे वापरत होता?"

ते चादरीचा कोपरा हातात धरून थांबले.

"पयल्यांदा शिकवतच होतो रे," ते म्हणाले. "मग कवा ते फिरलं, मला बी कळालं न्हाई."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पूजा करताना. तळहात दिसायला, बोटं दिसायली, मधला देव दिसंना. मला वाटलं, माझ्याकडूनच काय तर चुकलं, म्हणून त्येनं तोंड लपवलं. तुझ्या अक्काला बी बोललो न्हाई." त्यांनी चादर झटकली. "रोज म्हणायचो, आज सांगतो. मग गाडी सुटायची. तू 'पडला' म्हणायचास, गाडी जायची. रोज जायची, म्हणून वाटायचं, जायलीय की."

त्यांनी ती चादर दोरीवर टाकली.

"तू त्या दिवशी बोलला असतास, तर मी अजून बी चालवत असतो," ते म्हणाले. "ते भ्या मला रातच्याला वाटतंय. गाडी चालवताना कवाच वाटलं न्हाई, आता वाटायलंय. पडून पडून मागची सगळी स्टेशनं मोजतो." मग दोरीवरून माझ्याकडे एक चादर टाकली. "उभा कामून राहिलास? धर की तिकडून."

माझ्या मनातलं ओझं त्याने पुरतं उतरलं असं नाही. वापरलं गेल्याचं दुःख आणि उपकार, दोन्ही अजून माझ्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी बीदरच्या क्लबाची स्पर्धा जाहीर झाली. नावं द्यायची होती तेव्हा इन्स्टिट्यूटमध्ये बरीच मंडळी जमली होती, मी नेहमीसारखा भिंतीकडेला. अण्णा आले. इंजिनावरून उतरल्यापासून पहिल्यांदाच. सगळे जागा द्यायला उठले. ते बसले नाहीत.

"कादर, जोडीच्या डावात नाव लिही. बिरादार आन खानदेशी."

पत्ते पिसणारा एक फिटर म्हणाला, "अण्णा, ह्याच्यासंगं?"

"मग कुणासंगं? तुझ्यासंगं? तुला तरी दोन्ही डोळ्यानं गोळा कुटं लागायलाय." लोक हसले. अण्णा हसले नाहीत. "लिही कादर."

आम्ही बीदरला गेलो. पहिल्याच फेरीत समोर देशमुख वकील आणि एक डॉक्टर. अण्णा टेबलाशी उभे राहिले आणि भरल्या क्लबात सरळ विचारलं, "आमचा कंचा?" तिथला मार्कर गडबडला, हळूच काहीतरी पुटपुटला. "मोठ्यानं सांगा," अण्णा म्हणाले, "लपवायचं काय न्हाई त्यात." मग दर बारीला त्यांनी विचारलं आणि दर बारीला उत्तर घेतलं. बरेच मार हुकले. मध्ये वकिलांनी एक सोपा गोळा मुद्दाम सोडला. अण्णांनी तो दिसला नसेल तरी आवाजावरून ओळखला. म्हणाले, "वकीलसाहेब, मागच्या डब्यात बसून गाडी थांबवू नका. खेळा नीट." वकिलांनी मान खाली घातली आणि नंतर नीट खेळले. आम्ही मोठ्या फरकाने हरलो. अण्णांनी दोघांशी हात मिळवले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि चहा मागवला.

परतीला सकाळची गाडी होती. आम्ही दोघं पहिल्यांदाच एकत्र डब्यात बसून प्रवास करत होतो. मला चैन पडत नव्हतं, मी सारखा खिडकीतून पुढे बघत होतो. अण्णा समोरच्या बाकावर आडवे झाले, पंचा घडी करून डोक्याखाली घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी गुंटकलला बदली झाली, अण्णा नोकरी संपवून भालकीला गेले, आणि पुढे ते गेल्याचं वकिलांकडून कळलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते त्या बाकावरच राहिले आहेत.

त्या सकाळी विकाराबादच्या अलीकडे कुठेतरी गाडी हळू झाली आणि माळावर थांबली. इंजिनाने शिटी दिली, पुन्हा दिली. डब्यातली माणसं खिडक्यांशी गर्दी करून पुढे बघायला लागली. कुणी दारात लोंबकळलं. मीही अर्धा उठलो होतो.

"काय झालं ओ?" एका बाईने अण्णांना विचारलं. त्यांच्या खाकी सदऱ्यावरून तिने ते रेल्वेचे असावेत हे ताडलं असेल.

"सिग्नल उभा असंल," अण्णा पडल्या पडल्याच म्हणाले.

"तुम्ही बघत नाही का?"

"बगतील की ज्येंचं काम हाय ते."

त्यांनी कूस बदलली आणि तोंड डब्याच्या भिंतीकडे केलं. बऱ्याच वेळाने गाडी हलली तेव्हा ते गाढ झोपले होते.